सोमवारचा हात

समजा, तुमच्यासमोर एक उघडा हात आहे. तळवा वर, कोपर फोमच्या उशीवर टेकलेलं. कोपराच्या खाली, मनगटाच्या अलीकडे, रक्तदाब मोजताना बांधतात तसला पट्टा गुंडाळलेला. कोपराच्या वर, दंडाच्या आतल्या बाजूला, तुम्ही सोनोग्राफीचा प्रोब टेकवून धरला आहे. पडद्यावर एक काळी वाट दिसते आणि तिच्या दोन्ही कडांना दोन पांढऱ्या रेघा. काळी वाट म्हणजे रक्त, रेघा म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंती. खोकू नका. शिंक आली तर गिळा. प्रोब केसभर हलला की रेघ विरघळते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आता पट्ट्यात हवा भरा आणि हाताला पाच मिनिटं उपाशी ठेवा. मग एका झटक्यात हवा सोडा. अडलेलं रक्त लोंढ्यानं धावत सुटतं. निरोगी रक्तवाहिनी अशा वेळी काय करते? रुंद होते. पाहुण्यांचा घोळका आला की दारातला शहाणा माणूस भिंतीला चिकटून वाट देतो, तशी. रक्तवाहिनीच्या आत पेशींचं एक पातळसं अस्तर असतं. वाहत्या रक्ताचा रेटा त्याला कळतो आणि ते भिंतीतल्या स्नायूला सांगतं, सैल हो. ज्याचा रक्तदाब वर्षानुवर्षं चढलेला आहे, त्याचं हे अस्तर हळूहळू बधिर होत जातं. लोंढा येतो आणि भिंत जागची हलत नाही. हृदयविकाराचा, पक्षाघाताचा धोका किती, याचा थोडाफार अंदाज त्या न हलण्यावरून बांधतात.

मोठ्या इस्पितळातल्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टला लागून असलेल्या बिनखिडकीच्या खोलीत, हे काम वहिनी करत. सगळं इस्पितळ त्यांना वहिनीच म्हणे. विभागाचे प्रमुख डॉक्टरही म्हणत, जे वहिनींहून वयानं चांगले मोठे होते. याला कारण वहिनींचा धाकटा दीर. तो त्याच इमारतीत ऑक्सिजनचे सिलिंडर वाहायचा. भरलेला सिलिंडर बुडावर तिरका करून, एका हातानं मान फिरवत, जिन्यापासून वॉर्डापर्यंत असा नेई की जणू लहान मुलाला बोट धरून शाळेत पोचवतोय. म्हणून त्याचं नाव पैलवान. दिवसातून चार वेळा वहिनींच्या दारावरून जाताना तो मोठ्यानं हाक मारी, "वहिनी, जिवंत आहात ना आत?" ऐकणाऱ्यांनी ती हाक उचलली आणि वहिनींचं पाळण्यातलं नाव फक्त पगारपत्रकात उरलं.

खोलीची एक रीत होती. दुकानदार तराजू खरा आहे का हे बघायला ठरलेलं वजन टाकून पाहतो, तसं दर सोमवारी पहिल्या पेशंटच्या आधी मशीन एका निरोगी माणसावर चालवून बघायचं. सुरुवातीला कधी नर्स, कधी शिकाऊ डॉक्टर असं चाललं होतं. पण माणसं बदलली की वजनच बदलतं. हात एकाचाच हवा, कायम मिळणारा हवा आणि पक्का धडधाकट हवा. पैलवान तंबाखूला शिवत नव्हता, दारूच्या वासानंही नाक मुरडायचा आणि बोलावलं की दोन मिनिटांत हजर व्हायचा. पहिल्याच सोमवारी त्याची रक्तवाहिनी अशी सुरेख उघडली की डॉक्टरांनी तो आलेख छापून दाराजवळ लावला. खाली लिहिलं, "निरोगी".

"या इमारतीत नॉर्मल म्हणजे मी," पैलवान नव्या नर्सना सांगे. "बाकी सगळे माझ्याशी ताडून आजारी ठरतात. डॉक्टरसुद्धा."

"डोक्याचा आलेख नाही काढलेला अजून," वहिनी आतून म्हणत.

"त्यात मशीन जळेल, वहिनी. उगाच नुकसान कशाला?"

काही वर्षं असंच हसतखेळत गेलं. मग सोमवारचा हात किंचित कमी उघडू लागला. इतका किंचित, की वहिनींनी आपल्याच पकडीला दोष दिला आणि प्रोबसाठी स्टँड मागवला. पुढच्या वर्षी आणखी कमी. आता प्रोब जुना झाला असणार, म्हणून नवा आणला. मग खोली फार गार असते, असं कुणीतरी सुचवलं. ते खोटंही नव्हतं, थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात. एसी दुरुस्त झाला. आकडा तरी हट्टाला पेटल्यासारखा खालीच.

"पैलवान तर ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे मशीनच झोपा काढतंय."

कंपनीचा इंजिनिअर आला. चहा पीत पीत त्यानं दोन दिवस तारा तपासल्या आणि शेवटी संगणकाच्या हिशेबात थोडी भर घालून दिली, एवढी की पैलवानाचा हात पुन्हा दाराजवळच्या आलेखाएवढा उघडू लागला. वहिनींनी सुस्कारा सोडला. गंमत म्हणजे त्यानंतर पेशंटचे आकडेही सुधारले. रक्तदाबाची माणसं, ज्यांच्या भिंती कालपर्यंत ढिम्म हलत नव्हत्या, त्यांच्यात जान आली. डॉक्टर खूश झाले. नवी औषधं लागू पडताहेत, म्हणाले.

मग एका सोमवारी पैलवान नेहमीसारखा आडवा झाला. वहिनींनी रेघा पकडल्या, पट्टा दोनशेपर्यंत भरला. निरोगी हातासाठी त्यांचा तोच ठरलेला आकडा होता. पेशंटचा मात्र रक्तदाब आधी मोजून, त्याच्या बराच वर पट्टा भरायचा. पण पैलवान पेशंट कुठे होता?

"वहिनी, आज हवा भरली की विसरलात?"

"भरली. बोलू नका, रेघ हलते."

"नाही म्हटलं, मुंग्या येत नाहीयेत. एरवी एव्हाना हात माझा की शेजाऱ्याचा, तेही कळत नाही."

"पट्टा गळत असेल."

"मग त्याला म्हणावं, वय झालं, निवृत्ती घे."

वहिनींनी काट्याकडे पाहिलं. काटा दोनशेवर खिळ्यासारखा उभा होता. पट्टा गळत नव्हता. प्रोब स्टँडवर तसाच ठेवून त्यांनी दोन बोटं पैलवानाच्या मनगटावर ठेवली.

नाडी लागली.

पट्टा आवळलेला असताना त्याच्या पलीकडे नाडी लागायला नको. तिथे शुकशुकाट हवा. इथे ती बोटाखाली उड्या मारत होती, कुणी दार लावलं आहे याची तिला खबरच नसल्यासारखी. वहिनींनी पट्टा सोडला, कपाटातून कोरा पट्टा काढला, बांधला, दोनशेपर्यंत भरला. नाडी होतीच. मग त्यांनी तोच पट्टा सोडून स्वतःच्या हाताला गुंडाळला आणि भरला. त्यांच्या मनगटातली नाडी तत्क्षणी बंद. बघता बघता बोटं पांढरी पडली.

"आता तुमची पाळी का?" पैलवान उठून बसत म्हणाला. "कोण नॉर्मल ते ठरवू या एकदा."

वहिनींना हसू आलं नाही. पट्ट्याचा दाब रक्ताच्या दाबाहून जास्त असेल तरच रक्त अडतं. दोनशेचा दाब या माणसाच्या रक्ताला अडवू शकला नव्हता. याचा दुसरा अर्थच निघत नव्हता, आणि त्या तरीही शोधत होत्या.

कोपऱ्यात रक्तदाबाचं साधं यंत्र होतं. रोज बाहेरून येणाऱ्या प्रत्येक माणसाला त्या ते लावत. इतक्या वर्षांत पैलवानाच्या दंडाला ते एकदाही लावलेलं नव्हतं. आता लावलं. वरचा आकडा दोनशेच्या पलीकडे गेला, खालचा एकशेवीसच्या. त्यांनी त्याला भिंतीला टेकून शांत बसवलं, पाय जमिनीला लावायला सांगितले, थोड्या वेळानं पुन्हा मोजला. मग दुसऱ्या हाताला. आकडे एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे करत तिथेच घोटाळत राहिले.

पैलवानानं पडद्याकडे वाकून पाहिलं आणि खो खो हसला. "बिघडलंय. इंजिनिअरला बोलवा."

हेच तर आपण सगळे म्हणत आलो, असं वहिनींच्या मनात आलं आणि त्यांनी डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टर आले. त्यांनी स्वतः मोजला. मग स्टूल ओढून पैलवानासमोर बसले.

"डोकं दुखतं?"

"छे."

"छातीत? डोळ्यांपुढे अंधारी?"

"काही नाही हो डॉक्टर. सकाळपासून दहा सिलिंडर पोचवलेत."

"गोळ्या कसल्या घेतोस?"

"मी? मी कशाला गोळ्या घेऊ?" मग थोडं थांबून, "म्हणजे, कंबरेची घेतो. ती काही गोळी नव्हे."

"कंबरेची कसली?"

"दुखणं मारायची. सकाळी एक, दुपारी एक. मोठे सिलिंडर आले तेव्हापासून. त्याशिवाय कंबर वाकतच नाही."

डॉक्टरांनी वहिनींकडे पाहिलं. दुखण्याच्या गोळ्या रोज घेतल्या तर रक्तदाब चढतो, मूत्रपिंडांना त्रास होतो. हे त्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं जाई. दर पेशंटला विचारायचे प्रश्न वहिनींना तोंडपाठ होते. औषधं कुठली? घोरता का? वरून मीठ घेता का? घरात कुणाला हृदयाचा त्रास? पैलवानाला त्यातला एकही प्रश्न कधी विचारला गेला नव्हता. घरच्या माणसाला काय विचारायचं? वहिनी त्याच्या खालच्याच मजल्यावर राहत. रात्री त्याचं घोरणं छतातून खाली उतरे, तेव्हा त्या नवऱ्याला म्हणत, तुझ्या भावानं पुन्हा ट्रक चालू केला. ताटात आलेल्या प्रत्येक पदार्थावर तो न चाखता मीठ भुरभुरवतो, हे त्यांनी हजारदा पाहिलं होतं. आणि सासरे? सासरे कामावरून आले, खुर्चीत बसले, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. वहिनींना हे सगळं माहीत होतं. काखेत कळसा म्हणतात तो असा.

पैलवानाला चाकाच्या खुर्चीतून खाली नेलं. तो चालतच जाणार म्हणून हटून बसला होता. वाटेत भेटलेल्या वॉर्डबॉयला म्हणाला, "सिलिंडर नव्हे, आज मी डिलिव्हरीला चाललोय." छातीची पट्टी काढली, लघवी तपासली, डोळ्यांत बॅटरी मारून आतला पडदा पाहिला, हृदयाची सोनोग्राफी झाली. संध्याकाळी डॉक्टरांनी वहिनींना कागदावर चित्र काढून दाखवलं. हृदयाची डावी भिंत जाड झाली होती. उंच दाबाविरुद्ध रक्त ढकलत राहायचं म्हणजे तिचीही पैलवानकीच.

"हे आज-कालचं नाही, वहिनी," ते म्हणाले. "वर्षं लागतात याला."

"दर सोमवारी माझ्यासमोर झोपत होता तो."

"आपल्या सगळ्यांसमोर."

"एकदम खाली आणायचा का दाब?"

"नाही, हळूहळू. इतकी वर्षं चढलेल्यावर झटक्यात खाली खेचला तर मेंदूला रक्त कमी पडायचं. आजची रात्र इथेच राहू दे."

डॉक्टर गेल्यावर वहिनी खोलीत आल्या आणि इंजिनिअरनं घातलेली भर त्यांनी हिशेबातून काढून टाकली. जुन्या सोमवारांची चित्रं संगणकात साठवलेली होती. ती एकामागून एक पुन्हा मोजायला लावली. पडद्यावर आलेख उमटत गेला. तो जिना उतरावा तसा खाली येत होता. स्टँड आणला, पायरी. प्रोब बदलला, पायरी. एसी, पायरी. रक्तवाहिनी वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगत होती आणि या खोलीतली शिकलेली माणसं दर वेळी तिचं तोंड दाबून मशीनची समजूत काढत होती. शेवटी तर त्यांनी तिच्या वतीनं खोटं बोलायचीही सोय करून ठेवली होती.

मग आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि वहिनी उभ्याच राहिल्या. ती भर फक्त पैलवानाला नव्हती. तिच्यानंतर या टेबलावर झोपलेल्या प्रत्येकाला होती. औषधं लागू पडताहेत!

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. "सगळ्यांना बोलावू," एवढंच म्हणाले. "माझ्या तोंडून सांगेन." आणि त्यांनी ते खरंच केलं. काही पेशंट ओरडले, काही रडले. एक आजोबा तेवढे म्हणाले, "म्हणजे मी वाटलो तेवढा तरुण नाही तर!"

पण सगळ्यात अवघड सांगणं पहिल्या रात्रीच वहिनींच्या वाट्याला आलं होतं. घरी, वरच्या मजल्यावर धाकटी जाऊ ओट्याशी उभी होती. पैलवानाचं ताट झाकून ठेवलेलं, शेजारी मीठदाणी.

"आज ते राहिलेत कुठे, ताई? फोन पण उचलत नाहीत."

वहिनींनी तिला बसवलं आणि जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. जाऊ ऐकत राहिली. तिच्या हातातलं फडकं ओलं होतं, त्याचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"पण ते तर नॉर्मल आहेत," ती म्हणाली. "तुमच्या तिथे तसं लिहिलंय. मला दाखवायला घेऊन गेले होते."

"हो."

"ताई, तुम्ही दर सोमवारी त्यांचा हात दाबत होतात ना?"

"हो गं."

"मग तुम्ही बघत काय होतात?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिला खरोखरच कळत नव्हतं आणि ती मोठ्या जावेला विचारत होती, कुकर का बिघडला, पोराला ताप का आला, हे विचारावं तसं. वहिनींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि "मशीन" एवढाच शब्द बाहेर आला.

पैलवान घरी आला तो तोंड पाडून. दुखण्याच्या गोळ्या बंद झाल्या, दाबाच्या सुरू झाल्या. सिलिंडर वाहण्याऐवजी त्याला भांडारात टेबल-खुर्ची मिळाली. मरणाची भीती त्याला फारशी वाटली नसावी. झोंबलं ते वेगळंच. पंधरा दिवसांतच वहिनींनी भांडारात जाऊन मोजला तर आकडा पुन्हा चढलेला.

"गोळी घेतलीत?"

"घेतली की."

"भावजी."

"अहो वहिनी, गोळी खाणारा माणूस नॉर्मल कसा म्हणायचा? नर्स मला विचारतात, पैलवान, आता आम्ही कुणाशी ताडायचं? काय सांगू त्यांना?"

"सांगा, की माझ्या वहिनीला दिसलं नाही म्हणून. ती चूक माझी. पण गोळी चुकवली तर ती चूक तुमची, आणि मग खुर्चीत बसून पाणी मागाल तेव्हा ते आणायला धावायचं कुणी? तिनं?"

सासऱ्यांची खुर्ची त्या घरात आजवर कुणी बोलण्यात आणली नव्हती. टेबलाच्या खणातून पैलवानानं गोळ्यांचं न उघडलेलं पाकीट काढलं आणि वहिनींच्या देखत एक गोळी पाण्याशिवायच गिळली. त्या दिवसापासून जाऊ रोज सकाळी पेला घेऊन त्याच्यासमोर उभी राहू लागली, आणि तो तिला जेलर म्हणू लागला.

हिवाळा गेला, उन्हाळा आला. दाब उतरला. अगदी पुस्तकातला झाला नाही, पण दोनशेचं नाव उरलं नाही. दाराजवळचा आलेख डॉक्टरांनी काढला होता. सोमवारसाठी आता तीन वेगवेगळे हात ठरले होते आणि तिघांचाही रक्तदाब आधी मोजला जाई. पैलवानाला वहिनींनी मंगळवारी बोलावलं, पेशंट म्हणून. सगळे प्रश्न पहिल्यापासून विचारले. त्यानं शाळेत उभं राहून द्यावीत तशी उत्तरं दिली. जाऊ पायाशी स्टुलावर बसली होती.

पट्टा भरला. पाच मिनिटांनी सोडला. लोंढा आला. वहिनींनी श्वास धरला होता. पांढऱ्या रेघा हलल्या. फार नाही. पहिल्या वर्षीच्या निम्म्यानंही नाही. पण हलल्या. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी आपल्याला ओळखल्यासारख्या.

"उघडली?" पैलवानानं विचारलं.

"थोडी."

"म्हणजे मी वाचलो?"

डॉक्टर दारात येऊन उभे होते. त्यांनी समजावलं. उपचार नसलेली अशी शंभर माणसं घेतली, तर पुढच्या काही वर्षांत त्यातल्या इतक्यांना झटका येतो. दाब उतरवला तर तितके कमी होतात. रक्तवाहिनी पुन्हा उघडू लागली तर बहुधा आणखी थोडे कमी. म्हणजे चांगलीच बातमी आहे. पैलवान मान डोलावत राहिला. त्याला त्यातलं "चांगली" एवढं कळलं आणि तो उठून दंडावरचं जेल पुसू लागला.

जाऊ मात्र उठली नाही. ती वहिनींकडेच बघत होती. वहिनींनी पडद्यावरचं चित्र थांबवून ठेवलं होतं. हा हिशेब त्या स्वतः किती पेशंटना किती वेळा सांगत आल्या होत्या! शंभरातले इतके. तो चुकीचा नव्हता. शंभरांसाठी तो खराच होता. पण या टेबलावर शंभर माणसं कधीच झोपत नाहीत. एकच झोपतो, आणि तो उठून कुणाच्या तरी घरी जातो.

"डॉक्टर," त्या हळूच म्हणाल्या, "शंभरातल्या कितींना, ते कळलं. त्यात हा आहे की नाही, हे कशावरून ओळखायचं?"